‘नक्की?’ विचारण्याआधी

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची सहा पत्रे निघाली. वेब ॲप्लिकेशनमध्ये एखादी कृती पार पाडण्यापूर्वी वापरणाऱ्याला ‘खात्री आहे का?’ असे विचारावे की नाही, आणि विचारायचेच असेल तर कसे, हा तो विषय. पत्रे थोडी आवरती घेऊन दिली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेचे सभासद-नोंदींचे ॲप्लिकेशन मी सांभाळते. डिलीटच्या बटणावर पहिल्या दिवसापासून ‘तुम्हाला खात्री आहे का?’ अशी विचारणा आहे. तरीही दर महिन्याला कोणी ना कोणी भलतीच नोंद काढून टाकते आणि मला ती बॅकअपमधून परत आणत बसावे लागते. वरिष्ठांचे म्हणणे असे, की एकदाऐवजी दोनदा विचारावे आणि दुसऱ्या वेळी ‘डिलीट’ हा शब्द रोमन अक्षरांत टाइप करायला लावावा. त्याने चुका थांबतील का?

उत्तर : काही आठवडे कमी होतील आणि मग पूर्वपदावर येतील. जी विचारणा दिवसातून वीस वेळा होते आणि वीसही वेळा जिचे उत्तर ‘हो’ असेच असते, ती विचारणा हळूहळू कृतीचाच भाग होऊन जाते. डिलीट म्हणजे एक क्लिक असे हात मानत नाही; डिलीट म्हणजे दोन क्लिक, पहिली इथे आणि दुसरी तिथे, असे तो शिकून घेतो. दुसरी विचारणा जोडली की तो तीन क्लिक शिकेल. ठरावीक शब्द टाइप करायला लावला तर बोटे तोही शब्द शिकतील, आणि दरम्यान मराठी कीबोर्ड चालू ठेवून काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या एका शब्दासाठी भाषा बदलावी लागेल, तो त्रास वेगळाच.

तुमच्या प्रश्नात एक तपशील नाही आणि माझ्या मते सगळे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. चूक नेमकी कोणत्या जातीची होते? मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन यांनी चुकांचे दोन प्रकार केले आहेत. एकात मनात बरोबर असते, पण हात घसरतो. शेजारच्या ओळीवर क्लिक होते. दुसऱ्यात हात अचूक चालतो, पण मनातला समजच चुकीचा असतो; काढायची म्हणून जी नोंद माणसाने निवडली, तीच काढायला नको असते. पहिल्या प्रकारात विचारणेचा उपयोग होऊ शकतो, पण ती ‘कोणती नोंद’ हे सांगत असेल तरच. दुसऱ्या प्रकारात ‘खात्री आहे का?’ याचे प्रामाणिक उत्तर ‘आहे’ असेच असते, कारण माणसाला खात्री खरोखरच असते. चुकीची का असेना.

याचे जगाने पाहिलेले उदाहरण १३ जानेवारी २०१८ चे आहे. त्या सकाळी अमेरिकेतील हवाई या राज्यातील लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा गेला. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने केलेल्या चौकशीतून पुढे आले ते असे, की सराव चालू असताना एका कर्मचाऱ्याने तो प्रसंग खरा समजून यादीतून खऱ्या इशाऱ्याचा पर्याय निवडला; ‘हा इशारा पाठवायची खात्री आहे का?’ असे सॉफ्टवेअरने विचारले, आणि त्याने होकार दिला. ही विचारणा चाचणीच्या इशाऱ्याला आणि खऱ्या इशाऱ्याला शब्दशः सारखीच होती. म्हणजे त्या चौकटीत माणसाला ठाऊक नसलेली एकही गोष्ट लिहिलेली नव्हती. खुलासा करणारा संदेश आधीपासून तयार ठेवलेला नसल्यामुळे तो फोनवर पोहोचायला ३८ मिनिटे लागली, हा त्याच गोष्टीचा दुसरा आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. ‘पुढे जाऊ का?’ याची सोय होती, ‘मागे कसे यायचे?’ याची नव्हती.

आता तुमच्या पडद्याकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या चित्रात प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिल आणि कचरापेटी ही दोन लहान चिन्हे एकमेकांना खेटून आहेत. एक ओळ काढली की खालची ओळ वर सरकून तिच्या जागी येते, त्यामुळे ज्याला दुहेरी क्लिकची सवय आहे त्याची दुसरी क्लिक पुढच्या निरपराध सभासदावर पडते. तिथे चौकट येते आणि तिच्यात इतकेच असते: ‘तुम्हाला खात्री आहे का?’, खाली ‘ठीक’ आणि ‘रद्द’. कोणत्या सभासदाबद्दल विचारले जात आहे हे त्या चौकटीत नाही, आणि मागची यादी चौकटीनेच झाकली आहे. अशा चौकटीला ‘ठीक’ म्हणणाऱ्याला निष्काळजी म्हणणे मला जड जाते.

म्हणून मी क्रमाने असे करीन. कचरापेटी पेन्सिलपासून दूर नेईन किंवा ती ओळीवरून काढून नोंदीच्या आतल्या पानावर ठेवीन. साध्या नोंदीसाठी विचारणा पूर्णपणे काढून टाकीन. क्लिक होताच नोंद यादीतून जाईल आणि ‘सभासद क्रमांक ४१२ काढला. परत आणा’ अशी पट्टी दिसेल. आणि जिथे परिणाम डोळ्यांसमोर नाहीत, उदाहरणार्थ सभासदाबरोबर त्याच्या पावत्याही जाणार आहेत, तिथेच विचारणा ठेवीन, पण ती अशी असेल: ‘सभासद क्रमांक ४१२ आणि त्यांच्या नावावरील २७ पावत्या काढल्या जातील.’ खाली बटणे: ‘सभासद व पावत्या काढा’ आणि ‘राहू द्या’. ‘२७ पावत्या’ हे शब्द वाचून हात थांबण्याची शक्यता आहे. ‘खात्री’ या शब्दाने तो आजवर थांबलेला नाही. जँगो या, वेब ॲप्लिकेशन बांधण्याच्या तयार सांगाड्याचे (फ्रेमवर्कचे) व्यवस्थापन-पान हेच करते: नोंदीबरोबर आणखी काय काय जाणार आहे त्याची यादी आधी समोर मांडते.

टाइप करायला लावण्याचा उपाय सरसकट टाकाऊ नाही. गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या साइटवर संपूर्ण रिपॉझिटरी, म्हणजे एका प्रकल्पाचा सगळा साठा, काढताना तिचे नाव टाइप करावे लागते आणि ते योग्यच आहे, कारण ती कृती विरळा आहे आणि नाव दर वेळी वेगळे असते. बोटांना ते पाठ होत नाही, डोळ्यांना ते वाचावेच लागते. ठरावीक शब्दात हा गुण नाही. वरिष्ठांना ऐकवायचेच असेल तर एवढे ऐकवा.

प्रश्न : ‘परत आणा’ची सोय द्यावी असे सगळे सांगतात, पण मोबाइलवर संदेश पाठवणे किंवा ईमेल पाठवणे यांसारख्या कृती मागे कशा घेणार? आणि आमच्या डेटाबेसमध्ये ‘खरे’ डिलीट न करता नुसती खूण ठेवायची म्हटली, तर त्याचे तोटे काय?

उत्तर : गेलेला ईमेल परत येत नाही, पण जायला उशीर करता येतो. जीमेलची ‘अनडू सेंड’ सोय २००९ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये नेहमीची झाली. ती पत्र माघारी बोलावत नाही, तर तुम्ही निवडाल त्याप्रमाणे ५, १०, २० किंवा ३० सेकंद ते रोखून धरते. ज्या कृतीचा परिणाम तुमच्या सर्व्हरबाहेर जातो तिथे हीच पद्धत वापरावी. काम रांगेत टाकावे, रांगेला थोडी मुदत द्यावी आणि त्या मुदतीत रांगेतून ते काढण्याचे बटण द्यावे. एक दक्षता मात्र हवी: मुदत सर्व्हरवर मोजली गेली पाहिजे. ती ब्राउझरमधल्या टायमरवर सोपवली आणि वापरणाऱ्याने टॅब बंद केला, तर त्याच्या समजुतीप्रमाणे पाठवलेले पत्र कधीच जात नाही.

नुसती खूण ठेवण्याचे, म्हणजे सॉफ्ट डिलीटचे, तोटे खरे आहेत आणि ते पहिल्या दिवशी दिसत नाहीत. डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात (क्वेरीत) ‘काढलेल्या सोडून’ ही अट घालावी लागते आणि एखाद्या अहवालात ती हमखास राहून जाते. मग एकूण बेरीज जुळत नाही आणि दोष हिशेब ठेवणाऱ्याला दिला जातो. ईमेलच्या रकान्यावर ‘एकमेव असावा’ असे बंधन असेल, तर काढलेल्या सभासदाचा पत्ता नव्याने नोंदवता येत नाही. त्यासाठी ते बंधन फक्त चालू नोंदींपुरते ठेवावे लागते. मूळ नोंद परत आणताना तिच्याबरोबर गेलेल्या उपनोंदी परत आणायच्या, पण त्याआधीच वेगळ्याने काढलेल्या आणायच्या नाहीत, हा भेद ठेवायचा तर एका झटक्यात काढलेल्या सगळ्यांना एकच खूण-क्रमांक द्यावा लागतो. आणि कोणी स्वतःची माहिती पुसून टाकण्याची मागणी केली असेल, तर खूण ठेवणे म्हणजे पुसणे नव्हे. म्हणून मुदत ठरवावी. जीमेलच्या कचरापेटीतील पत्रे ३० दिवसांनी आपोआप कायमची जातात. तुमची मुदत वेगळी असेल, पण ती असली पाहिजे आणि वापरणाऱ्याला दिसली पाहिजे.

इतके सगळे करूनही हा खर्च मला परवडणारा वाटतो, कारण विचारणेची किंमत शंभरपैकी शंभर वेळा मोजावी लागते आणि ‘परत आणा’ची किंमत ज्याची चूक झाली त्यालाच, तीही एका क्लिकची.

प्रश्न : जावास्क्रिप्टचे तयार ‘कन्फर्म’ एका ओळीत होते. स्वतःचा डायलॉग बांधण्यात वेळ का घालवावा?

उत्तर : आतल्या आत वापरायच्या छोट्या साधनासाठी घालवू नये. इतरत्र अडचणी आहेत. ‘कन्फर्म’च्या बटणांवरचे शब्द ब्राउझर ठरवतो, तुम्हाला ते बदलता येत नाहीत. ते चालू असताना पानावरचे बाकीचे काम थांबते. लागोपाठ चौकटी आल्या तर ब्राउझर ‘या पानाच्या आणखी चौकटी दाखवू नका’ असा पर्याय देतो. वापरणाऱ्याने तो निवडला, की ‘कन्फर्म’ काहीही न दाखवता नकार परत करते, आणि तुमचे डिलीटचे बटण मुक्याने निकामी होते. ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार येते, तुमच्या यंत्रावर मात्र ते चालते. मी स्वतः या कारणाचा शोध घेण्यात एक पूर्ण दुपार घालवली आहे.

आज स्वतःचा डायलॉग बांधणे पूर्वीइतके अवघड नाही. एचटीएमएलमधला ‘डायलॉग’ हा घटक क्रोममध्ये २०१४ पासून आहे. फायरफॉक्स आणि सफारी यांनी तो मार्च २०२२ मध्ये आणल्यावर तो निर्धास्त वापरता येऊ लागला. ‘शोमोडल’ या आदेशाने उघडला की मागचे पान निष्क्रिय होते, एस्केप दाबल्यावर तो बंद होतो आणि फोकस, म्हणजे कीबोर्डचे बटण ज्याच्यावर लागू होईल ती जागा, आधीच्या ठिकाणी जातो. दोन गोष्टी मात्र तुम्हालाच पाहाव्या लागतात. उघडताना फोकस ‘राहू द्या’वर ठेवा, म्हणजे घाईत दाबलेले एंटर नुकसान करणार नाही. आणि ज्या ओळीवरून डायलॉग उघडला ती ओळच काढली गेली, तर परत जायला जागा उरत नाही. तेव्हा फोकस पुढच्या ओळीवर किंवा यादीच्या शीर्षकावर स्वतः न्या, नाहीतर कीबोर्डवर काम करणारा माणूस पानाच्या सुरुवातीला फेकला जातो. स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनासाठी, या डायलॉगला ‘अलर्टडायलॉग’ ही भूमिका द्या आणि परिणाम सांगणारे वाक्य त्याच्या वर्णनाशी जोडा, म्हणजे ते चौकट उघडताच वाचले जाईल.

प्रश्न : आमच्या मराठी ॲप्लिकेशनमध्ये ‘मागणी रद्द करायची आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे आहेत. लोक ‘रद्द करा’ दाबतात आणि मागणी तशीच राहते. दोष भाषांतराचा म्हणावा का?

उत्तर : भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे, घोटाळा रचनेत आहे. ‘रद्द करा’ म्हणजे मागणी रद्द करा की हा प्रश्न रद्द करा, हे कोणत्याही भाषेतला माणूस सांगू शकणार नाही. उपाय एकच, बटणावर कृतीचे नाव लिहावे: ‘मागणी रद्द करा’ आणि ‘मागणी चालू ठेवा’. प्रश्न न वाचता नुसती बटणे वाचली तरी अर्थ लागला पाहिजे, ही माझी नेहमीची कसोटी आहे, कारण बहुतेक लोक तेवढेच वाचतात. ‘होय’ आणि ‘नाही’ या कसोटीला उतरत नाहीत. त्यात प्रश्न नकारार्थी असेल, जसे की ‘बदल जतन करायचे नाहीत का?’, तर मराठीत ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन्हींचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

काही ठिकाणी हा संदिग्धपणा मुद्दाम ठेवलेला असतो. सदस्यत्व बंद करताना ठळक बटणावर ‘नको, राहू द्या’ आणि फिकट अक्षरांत ‘हो, मला फायदे नको आहेत’ असे लिहिणे म्हणजे विचारणा नव्हे, आडकाठी आहे. विचारणा वापरणाऱ्याचे नुकसान टाळण्यासाठी असते, धंद्याचे टाळण्यासाठी नाही.

प्रश्न : मी प्रोग्रामर नाही. अर्ज भरताना टॅब बंद केला की ब्राउझर ‘केलेले बदल जतन होणार नाहीत’ असे काहीतरी विचारतो. सगळ्या साइटवर तीच भाषा का, आणि मोबाइलवर ते कधी येते, कधी नाही, असे का?

उत्तर : पूर्वी साइटला तिथे आपला मजकूर लिहिता येत असे. फसव्या साइट त्याचा उपयोग माणसाला घाबरवून पानावर अडकवून ठेवण्यासाठी करू लागल्या, म्हणून २०१६ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांनी ती मुभा काढून घेतली आणि स्वतःचे ठरावीक वाक्य ठेवले. मोबाइलवर माणूस टॅब बंद न करता दुसऱ्या ॲपवर जातो आणि यंत्रणा मागच्या मागे पान संपवते. विचारायला संधीच मिळत नाही. चांगल्या अर्जाने भरलेला मजकूर मसुदा म्हणून सतत जतन करत राहावे, म्हणजे विचारण्याची वेळच येत नाही. तो करत नसेल तर तक्रार जरूर करा.

प्रश्न : सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता येते का याच्या, तपासणीत आम्हाला सांगितले गेले, की नियमानुसार आर्थिक आणि डेटा काढण्याच्या कृतींना विचारणा सक्तीची आहे. शिवाय आमच्याकडे आता मोठ्या कृतींसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती घेण्याचा विचार चालू आहे. त्याने तरी विचारणेचा प्रश्न सुटेल ना?

उत्तर : नियम तसा नाही. वेबच्या सुगम्यतेसाठीच्या मार्गदर्शक सूत्रांचा (डब्ल्यूसीएजीचा) ३.३.४ हा निकष, जो २००८ च्या २.० आवृत्तीपासून आहे, तीन मार्ग देतो: कृती परत फिरवता यावी, किंवा भरलेली माहिती तपासून दुरुस्तीची संधी मिळावी, किंवा अंतिम करण्यापूर्वी ती पाहून कायम करता यावी. यांतला कोणताही एक पुरे. पहिला मार्ग निवडलात तर ‘परत आणा’ची पट्टी पाच सेकंदांत नाहीशी होऊ देऊ नका, स्क्रीन रीडरवर किंवा मोठ्या अक्षरांवर काम करणाऱ्याला ती गाठता येत नाही. पट्टी गेली तरी कचरापेटीतून नोंद परत आणता आली, की काम भागते.

दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीने काय होते, त्याचा नमुना न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या कंपनीला कर्ज देणाऱ्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. गेले सुमारे ८९ कोटी डॉलर. त्या व्यवहाराला तीन माणसांची संमती लागत असे आणि तिघांनीही ती दिली होती. सॉफ्टवेअरने इशाराही दिला होता, तो असा, की पैसे बँकेबाहेर पाठवले जातील, पुढे जायचे आहे का? व्याज बाहेर जाणारच होते, तेव्हा इशारा अपेक्षितच वाटला. किती पैसे, हे त्या चौकटीत नव्हते. सहा डोळ्यांना एकच अपुरी चौकट दाखवली तर सहाही डोळे तेच पाहतात. तेव्हा संमतीची पायरी आणा, पण दुसऱ्या अधिकाऱ्याला ‘मंजूर’चे बटण देण्याआधी रक्कम, संख्या आणि आधीच्या वेळेपेक्षा काय वेगळे आहे ते दाखवा.

आणखी एक मुद्दा तुमच्या पत्रात नाही, पण संमतीला वेळ लागणार असल्यामुळे तो तुम्हाला भेटेलच. समजा, चौकटीने ‘३४० निष्क्रिय खाती काढली जातील’ असे सांगितले, अधिकाऱ्याने दोन तासांनी होकार दिला आणि सर्व्हरने त्या क्षणी ‘निष्क्रिय’ची यादी नव्याने काढली. आता ती ३५२ असू शकते. वरची १२ खाती कोणीच पाहिलेली नाहीत. म्हणून होकाराबरोबर अट न पाठवता पाहिलेल्या खात्यांची यादी, किंवा सर्व्हरने त्या यादीला दिलेला क्रमांक, पाठवावा आणि फरक आढळल्यास सर्व्हरने काम न करता पुन्हा विचारावे. एकदा दिलेला होकार दोनदा पोहोचला तरी काम एकदाच व्हावे, याचीही तजवीज तिथेच करावी.

आणि चौकटीला सुरक्षेचे साधन समजू नये, कारण ती फक्त ब्राउझरमध्ये असते. मे २००५ मध्ये गुगलचे वेब ॲक्सिलरेटर हे साधन आले. माणूस क्लिक करण्याआधीच ते पानावरचे दुवे परस्पर आणून ठेवी. ज्या ॲप्लिकेशनांत डिलीट हा साधा दुवा होता, तिथे या साधनाने ‘खात्री आहे का?’ची जावास्क्रिप्ट न चालवताच ते दुवे उघडले आणि लोकांच्या नोंदी गेल्या. काहीही बदलणारी कृती गेट विनंतीवर, म्हणजे दुवा उघडताना पान मागण्यासाठी जाणाऱ्या विनंतीवर, ठेवू नये हा एचटीटीपी या वेबच्या देवाणघेवाणीच्या नियमांचा संकेत तेव्हाही जुनाच होता. तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये असे दुवे उरले आहेत का, हे सर्व्हरच्या राउटच्या, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणती कृती चालते त्या, यादीत एकदा पाहून घ्या. संमतीची पायरी बांधायला त्यानंतर घ्या.